हलक्या दोरीचं इंजिन

"यावर तुमचा कोणाचाच भरोसा बसणार नाही, लिहून ठेवा," देवराव म्हणाला आणि भैयाजींच्या दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर ऐसपैस बसला.

नागपुरात कॉटन मार्केटच्या मागे भैयाजींचं दुकान. विहिरीचे पंप, फवारणीची यंत्रं आणि एका कोपऱ्यात नावेला मागून लावायची तीन लहान इंजिनं. आल्यापासून ती धूळ खात होती. म्हणून सावनेरकडच्या तलावावरचा हा उंचापुरा मासेमार सकाळच्या बसने येऊन "स्वस्तातलं दाखवा" म्हणाला, तेव्हा भैयाजींनी आधी चहा मागवला. पंप दुरुस्तीला आलेले काटोलचे आनंदराव खोक्यावर बसून होते, त्यांनाही मिळाला.

तर गोष्ट अशी, की मागच्या महिन्यात देवरावच्या जाळ्यात कटला अडकला. कटला कसला, म्हशीचं पारडूच. त्याची पाठ वर आली तेव्हा एक बगळा तिला बेट समजून उतरला आणि उभ्याउभ्या डुलकी काढू लागला. मग मासा जाळ्यासकट निघाला आणि मागून नाव. या काठावरून त्या काठाला, तिथून परत, असे दोन तास. देवराव उलटं वल्हवतोय आणि मासा ओढतोय. शेपटीचा एक फटका तर असा बसला, की काठावर रवंथ करणाऱ्या म्हशी ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"किती म्हशी?" आनंदरावांनी विचारलं.

"चौदा. पंधरावी बहिरी होती."

शेवटी मासा दमला. पण त्या ओढाताणीत देवरावचा उजवा खांदा कामातून गेला. आता वल्हं धरलं की कळ थेट मानेपर्यंत जाते. म्हणून इंजिन.

भैयाजींना मासा पटला नाही, खांदा मात्र पटला. साठीच्या माणसाचा खांदा जायला मासा कशाला लागतो?

आनंदराव म्हणाले, मग आता आराम करावा, काठावर बसावं. त्यावर देवरावचा चेहरा एकदम उतरला.

"आमच्यात ज्याचा हात थकला त्याले काठावर मासे निवडाले बसवते, भाऊ. बाकीच्यांच्या नावा जाते अन् त्यानं दिवसभर पाण्याकडं पाहून राहाचं. चाळीस वर्सं नावेत काढलेलं माणूस आहे. पाण्यावरून उतरवलं तर चार महिने नाही जगणार."

भैयाजींनी फडकं घेतलं आणि इंजिनं पुसायला काढली. पसंतीला घरच्या बाईलाही आणायचं होतं, असं ते सहज म्हणाले. जिजाबाईचं येणं होत नाही, देवरावने सांगितलं. बसमध्ये दांडी धरून उभं राहावं लागतं.

पहिलं इंजिन चार हॉर्सपॉवरचं. ते उचलायलाच दोन माणसं लागली, बाद झालं. दुसरं बॅटरीवरचं. दोरी नाही, ओढणं नाही, नुसतं बटण. देवरावने ते तीनदा दाबलं आणि हरखला. पण भैयाजी गिऱ्हाइकाला फसवणाऱ्यांतले नव्हते. दुपारचा वारा सुटला की ही बॅटरी लवकर मान टाकते, त्यांनी सांगितलं.

"अन् अर्ध्या पाण्यात संपली तर?"

"मग वल्हं."

देवरावने बटणावरचं बोट काढून घेतलं.

तिसरं सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त. पेट्रोलचं, दोन हॉर्सपॉवर, एका हाताने उचलावं असं. भैयाजींनी ते पाण्याच्या ड्रमला ठोकलेल्या फळीवर बसवलं. देवरावने खिशातून दोन गाठींचा धागा काढून फळीपासून मुठीपर्यंतची उंची मापली. धागा त्याच्या अंगाच्या मानाने आखूड होता. पण गिऱ्हाइकाच्या धाग्यात आपण कशाला नाक खुपसायचं? मग तो स्टुलावर बसला, उजवा हात पोटाशी धरला आणि डाव्याने दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं. चार वेळा तसंच.

"नाही जमणार हे," तो म्हणाला आणि पिशवी उचलली.

एवढ्या मोठ्या गप्पा मारणारा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलला, की भैयाजींना राहवलं नाही. त्यांनी त्याला बसवलं, प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून साफ केला, दोरीला लांब मूठ लावली. तासभर गेला. आनंदरावांचा पंप तसाच पडून राहिला, पण ते कुरकुरले नाहीत.

देवरावने पुन्हा डाव्या हाताने, बसल्याबसल्या, जेमतेम वीतभर दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. त्याने ते बंद करायला लावलं, पुन्हा सुरू केलं. असं सात वेळा. सातव्यांदा त्याचे डोळे भरून आले होते. धुराने, असं तो म्हणाला.

इंजिन गोणपाटात बांधून झालं तेव्हा आनंदरावांनी हळूच काडी टाकली, की आता काम झालं, मासा खोटा होता हे कबूल करून टाका.

देवराव दुखावला. त्याने खिशातून फोन काढला. पुतण्याने दुसऱ्या नावेतून काढलेला फोटो होता त्यात. आनंदरावांनी पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं. नावेच्या कडेला पाण्यातून काळी पाठ वर आलेली होती. पारडूच.

"बगळा दिसून नाही राहिला," ते पुटपुटले.

"तवरिक उडाला होता."

भैयाजींनी फोन घेतला, बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहत राहिले. माशाकडे नव्हे. नावेच्या टोकावर देवराव ताठ उभा होता, उजवा हात डोक्याच्याही वर, मुठीत जाळ्याची दोरी. मागच्या फळीवर एक ठेंगणी बाई, पदर खोचून, पाय रोवून, दात आवळून वल्हं मारत होती.

त्यांनी फोन परत दिला.

"मासा खरा आहे गा, देवरावभाऊ," ते म्हणाले. "खांदाच तेवढा तुमचा नाही."