मायक्रोफोनची तपासणी

"कॅमेरा ठीक आहे. मायक्रोफोनसाठी घरमालकाचं नाव मोठ्याने बोला," घराचं स्मार्ट दार म्हणालं.

सगळी तपासणी झाल्याशिवाय दार उघडत नसे. बाहेर जिन्यावर नवरा छाती धरून बसला होता आणि हौसाबाई आत कोंडल्या होत्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"आमचे हे!" त्या ओरडल्या.

"नाव जुळत नाही."

"अगं, घे की!" बाहेरून क्षीण आवाज आला. "मी गेल्यावर घेणार का?"

हौसाबाईंनी डोळे मिटले. "गेनबा!"

"मायक्रोफोन ठीक आहे. आता स्पीकर आणि स्क्रीन तपासू. कृपया थांबा."

त्यांनी दाराला कपाळ टेकलं. "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," गेनबा म्हणाले. "दार उघडेपर्यंत नाव घेत राहा."