एकट्यानं नाव उतरवायची सोय

इद्रीस मिस्त्रीनं नाव वाहून न्यायच्या ट्रेलरचा पुढचा दांडा कापायला घेतला, तेव्हा शकुंतलाबाईंना वाटलं, चांगला ट्रेलर वाया गेला. सीपरी बाजारातल्या त्याच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचे यजमान आबासाहेब हातात खडू घेऊन उन्हात उभे होते आणि इद्रीसला कुठं कापायचं ते दाखवत होते.

दुपारपर्यंत कापलेल्या जागी जाड बिजागरी बसली. ती हलू नये म्हणून लोखंडाची एक खीळ. ट्रेलरच्या मागच्या टोकाला रबराचे रोलर आणि पुढं दोरी गुंडाळायची चरखी.

"ही खीळ काढली की मागची बाजू खाली झुकते," आबासाहेब बायकोला म्हणाले. "नाव रोलरवरून घसरत पाण्यात जाते. आपण फक्त चरखीची दोरी हळूहळू सोडायची. गाडी पाण्यात घालायला नको, कुणी पाण्यात उतरायला नको."

आजवर पाण्यात शकुंतलाबाई उतरत. आबासाहेब गाडी मागं घेत. बाई सलवार गुडघ्यावर ओढून नाव ढकलत आणि आबासाहेब गाडी वर लावून येईपर्यंत ती धरून उभ्या राहत. मग आबासाहेब गळ घेऊन मासे धरायला जात आणि बाई काठावर बसत. थंडीत त्यांचे पाय संध्याकाळपर्यंत गरम होत नसत.

"बाबूजी, अब तो अकेला आदमी भी उतार लेगा," इद्रीस म्हणाला.

"तेच तर!" आबासाहेब खूश झाले. "शकू, आता तुला यायलाच नको. कशाला उगीच गारठ्यात? घरी आराम कर."

शकुंतलाबाई उठून ट्रेलरपाशी गेल्या.

"भैया, ये कील किधर को खींचनी है?"

"अपनी तरफ, अम्माजी. एकदम सीधी."

त्यांनी खीळ ओढली. ट्रेलर मागं झुकला. त्यांनी तो पुन्हा सरळ केला आणि खीळ घातली.

रविवारी पहूज धरणावर जाताना त्या गाडीत बसल्या. "पहिल्यांदा उतरताना बघू तरी द्या," म्हणाल्या.

आबासाहेबांनी ट्रेलर पाण्याच्या कडेला लावला, चाकांमागं दगड सरकवले आणि खीळ काढली. नाव अलगद पाण्यात गेली. त्यांचे बूटसुद्धा भिजले नाहीत. त्यांनी टाळी वाजवली. मग चरखी फिरवून नाव परत वर ओढली, केवळ ती येते हे बघायला.

"मी करून बघू?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"बघ की. जॅकेट घाल पण."

बाईंनी नारिंगी जॅकेट घालून पट्टे आवळले. खीळ काढली, चरखीची मूठ धरून दोरी सोडली. नाव पाण्यात जाऊन काठाला टेकून राहिली. त्यांनी दोरीचा आकडा काढला, नावेत पाय टाकला, बसल्या आणि एका वल्ह्यानं काठाला रेटा दिला.

"अगं शकू, माझे गळ राहिले!"

"मला कशाला हवेत गळ?"

आबासाहेब हसले. नाव जागच्या जागी गोल फिरली. "दोन्ही हात बरोबर चालव," ते ओरडले. बाईंनी तसं केलं. नाव सरळ झाली आणि चालू लागली.

"बस, आता वळव!"

बाईंनी मागं पाहिलं नाही.

आबासाहेबांचं हसू ओसरलं. दुसरी नाव आसपास नव्हती. त्यांनी फोन लावला, तर तो गाडीतच वाजला, बाईंच्या पिशवीत. ते काठाकाठानं थोडं पुढं गेले, पण बाभळी आडव्या आल्या. परत फिरले. बसावं म्हणून जागा पाहू लागले, तर काठावर धड एक दगड नव्हता की सावली नव्हती. शेवटी रिकाम्या ट्रेलरवर टेकले. आधी राग आला. नारिंगी ठिपका पलीकडच्या काठाशी गेला, तसा राग गेला आणि ते उठून पाण्याच्या कडेशी गेले. ठिपका तिथं बराच वेळ थांबला. मग थोडा मोठा दिसू लागला, तेव्हा कुठं ते बाटलीतलं पाणी प्यायले.

नाव आली ती तिरकी, काठावर आपटतच. शकुंतलाबाईंचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. आबासाहेब धावत पुढं झाले. बाईंना हात देऊन उतरवलं, आकडा लावला आणि चरखी फिरवू लागले.

"जिवाला घोर लावलास," ते म्हणाले. "पोहता येतं का तुला? काही झालं असतं म्हणजे?"

"जॅकेट होतं की." बाईंनी तळहात उलटून पाहिले. दोन्हींवर फोड आले होते. त्यांनी ते कुडत्याला हलकेच पुसले.

"अहो, पलीकडून हा काठ फार छान दिसतो. बाभळी, हा उतार, आपली गाडी. काठावरचं माणूससुद्धा दिसतं. इतक्या वेळा गेलात, कधी सांगितलं नाहीत."

आबासाहेबांचा हात चरखीवर थांबला. त्यांनी आठवून पाहिलं. पलीकडून दिसणारा काठ त्यांना आठवेना.