चौथी गोळी

"हातात घेतल्यावर काय वाटतं तेवढं सांगा सर, मी लिहून घेतो," हारुन म्हणाला.

सूर्यकांतने नवी रायफल दोन्ही तळव्यांवर तोलली. क्लबातल्या जुन्या रायफली उचलताना कंबर आठवायची. ही म्हणजे ओंजळीत धरलेलं कबुतर. काळ्या फायबरचा दस्ता, आखूड नळी. त्याने बोल्ट मागे ओढला, पुढे लोटला. कुठे अडकणं नाही की खरखर नाही.

"पोरींना दिवसभर झेपेल," तो म्हणाला. "पण एक लिही. जड रायफल आपल्या वजनानेच गप्प बसते, आपल्या चुका पोटात घालते. ही घालणार नाही. श्वास चुकला की कागदावर दिसणार."

हारुनने तेही लिहिलं. दापोलीकडचा हा गडी दुबईशेजारच्या अजमानमधल्या त्या शूटिंग क्लबाचा मॅनेजर होता. महिनाअखेर शाळेच्या मुलींचा कॅम्प लागायचा होता आणि त्यासाठी या रायफली घ्यायच्या की नाही, ते आज ठरणार होतं.

आणखी एक गोष्ट ठरणार होती. मंदी आली तेव्हा क्लबात सहा प्रशिक्षक होते. वर्षभरात उरला एकटा सूर्यकांत, वय बासष्ट, आणि त्याचंही करारपत्र संपत आलेलं. क्लबाच्या मालकाने, अरबाबने, हारुनला विचारलं होतं की म्हाताऱ्याला अजून दिसतं का. त्याने गोळ्या मारलेला कागद मला दाखव, म्हणाला होता.

सूर्यकांतच्या मुलाची, सुजीतची, दुबईतली नोकरी फेब्रुवारीतच गेली होती. तो, सून अस्मिता आणि छोटी नात शुभ्रा तेव्हापासून सूर्यकांतच्या दोन खोल्यांत राहत होते. त्या खोल्या क्लबाच्या. करारपत्र गेलं तर पाच माणसांना बोचकी बांधावी लागली असती.

आणि दिसत तर नव्हतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकला होता. गावी जाऊन काढून यायचं तर रजा हवी, आणि त्या वर्षी रजेवर गेलेल्याला परत कोण बोलावत होतं? त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला, साधनालाही नाही. तीही काही बोलली नव्हती. फक्त गेले काही महिने बस लांब असतानाच ती नंबर मोठ्याने वाचायची.

शुक्रवारची सुट्टी म्हणून ती आज बरोबर आली होती, थर्मासभर चहा घेऊन.

"वहिनी, तुम्हीही पाच मारा की," हारुन म्हणाला. "न शिकलेल्या बाईच्या हातात कशी बसते, तेही लिहितो."

"न शिकलेली नाही रे ती," सूर्यकांत हसला. "कॅम्प केलाय तिने."

मग त्याने चाळीस वर्षं सांगत आलेली गोष्ट पुन्हा सांगितली. सदुसष्ट साली कोल्हापूरजवळ एनसीसीचा कॅम्प होता. मुली थोड्या म्हणून त्यांना मुलांच्याच रांगेत पालथं झोपवून गोळ्या मारायला लावल्या. सूर्यकांतला पदक मिळालं. त्या पदकावर तो पोलिसात लागला, नेमबाज म्हणून नाव झालं, तिथून प्रशिक्षक आणि तिथून इकडे. आणि साधनाचा कागद? कोरा. पाचांतली एकही लागली नव्हती. कॅम्पात शिकवणारे सुभेदारसाहेब म्हणाले होते, पोरी, तू चपात्याच लाट.

"खरंय," साधना म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

तसलीच दुसरी नवी रायफल घेऊन ती त्याच्या डावीकडच्या मॅटवर पालथी झोपली. मधे आडोशाची लाकडी फळी होती. कुणी न सांगता तिने टाचा जमिनीला टेकवल्या. हारुनने दोघांना पाच-पाच गोळ्या मोजून दिल्या आणि त्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. प्रत्येक गोळीला तो हुकूम देणार होता.

सूर्यकांतला पुढे काळा डाग दिसत होता, त्याच्या शेजारी आणखी एक. त्याने श्वास अर्धा सोडून धरला.

"फायर."

दोन्ही रायफली एकदमच वाजल्या. त्याने चाचपून बोल्ट ओढला, नवी गोळी सरकवली. दुसरी. तिसरी. चौथ्या वेळी तर रायफल खांद्यावर हललीसुद्धा नाही. पाचवी झाल्यावर तो तसाच पडून राहिला.

हारुन दोन्ही कागद काढून घेऊन आला. मग सूर्यकांतचं बोट धरून त्याने कागदावर ठेवलं. काळ्याच्या मधोमध पाच भोकं, एका दिरहमच्या नाण्याखाली झाकतील अशी.

"सर, माशाल्ला. हा कागद बघितला की अरबाब काही बोलायचा नाही. दोन वर्षं पक्की, इन्शाल्ला." मग त्याने दुसरा कागद उन्हाकडे धरला. "आणि वहिनी, तुमच्या गोळ्या ओमानला गेल्या."

"चपात्याच बऱ्या," साधना म्हणाली आणि चहा ओतायला उठली.

सूर्यकांतचा आवाज मोकळा झाला होता. "लिही, धक्का जवळजवळ नाहीच. चौथ्या गोळीला तर जाणवलाही नाही." हारुनने लिहिलं आणि कागद घेऊन तो ऑफिसकडे गेला.

गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मोजल्याशिवाय रेंज सोडायची नाही, ही सुभेदारसाहेबांची शिस्त सूर्यकांतने कधी मोडली नव्हती. तो गुडघ्यांवर बसला आणि आपल्या मॅटवर हात फिरवू लागला. एक, दोन, तीन, चार. पाचवी मॅटच्या कडेला सापडली. ती जड लागली. त्याने ती डाव्या डोळ्याजवळ नेली. कडेला घोडा आपटल्याची खूण उमटली होती, पण शिसं जागेवरच होतं. चौथी गोळी उडालीच नव्हती.

कागदावर भोकं तर पाच होती.

"अहो, चहा निवतोय," साधनाने हाक मारली.

तो उठला नाही. सदुसष्टच्या कॅम्पातही त्याच्या डावीकडच्या मॅटवर तीच होती.