चार बोटं पाणी

"परवा कंबरभर व्हता. पानी गेला कुठं?"

सरूबाई दवाखान्यातल्या व्यायामाच्या टाकीच्या पायरीवर थांबली. लोखंडी दांडी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. खाली पाणी मांडीपर्यंतच उरलं होतं.

"पाणीकपात आहे, मावशी. पाऊस कुठे पडलाय यंदा?" व्यायाम शिकवणारी जयंती टाकीत उभी होती. "आहे तेवढ्यात चाला."

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. सरूबाईचं सगळं उलटं चाललं होतं. तिला खोल पाणी हवं होतं आणि टाकी दिवसेंदिवस उथळ होत होती. अंधेरीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात ती पहिल्यांदा उतरली, तेव्हा पाणी छातीला लागत होतं. पाण्याने तिला अलगद उचलून धरलं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच डावा पाय टेकला आणि कळ आली नाही. तिथल्या तिथे रडली होती ती.

फाल्गुनात वेसाव्याच्या बंदरावर, डोक्यावर मासळीची भरली पाटी असताना ती घसरली होती. खुबा मोडला. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घालून तो जोडला आणि तीन महिन्यांनी म्हणाले, हाड सांधलंय, आता चाला. घरी तिने कुबड्या सोडून एक पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच कोसळली. शेजारीण येईपर्यंत ती तशीच पडून होती. पट्टी निसटली नव्हती, हाडही शाबूत होतं. पण भीती बसली ती बसलीच. पाण्याबाहेर हा पाय आपल्याला धरणार नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवून टाकलं.

आणि तिकडे बाजारातली जागा जात होती. अंधेरीच्या मासळीबाजारातली ती दारालगतची जागा तिच्या सासूची, सासूनंतर तिची. तिथल्या कोळणींचा रिवाज सरळ होता. नारळी पौर्णिमेनंतर नवा हंगाम सुरू झाला की पहिल्या दिवशी जी आपल्या पायांनी पाटी आणून बसेल, तिची जागा. आजारपण, बाळंतपण, काही चालायचं नाही. जाऊबाई अंजनाबाई होळीपासून तिथे बसत होत्या. "तुजी जागा राखतंय गो," म्हणायच्या. सरूबाई त्या घरात तीस वर्षं नांदली होती. कोण काय राखतंय ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि जयंतीलाही ती ते रोज ऐकवत होती.

म्हणून ती घाईला आली होती. पाणी पार आटायच्या आत पाय बरा करायचा होता. मांडीभर पाण्यात दोन आठवड्यांचं काम तिने चार दिवसांत उरकलं. मग पाणी गुडघ्यावर आलं. कोळीवाड्यातल्या नळालाही तासभरच पाणी येत होतं, बायका हंड्यांवरून भांडत होत्या, तेव्हा शंका घ्यायला जागाच नव्हती. ती देवीला नवस बोलली. दर्याला हात जोडले. पाणी घोट्यापर्यंत आलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती आली, तर टाकी कोरडी ठाक.

"झाला! वाट लागली माजी," ती म्हणाली आणि पायरीवर बसकण मारली.

"उठा मावशी. उतरा."

"काय डोचक्यावर पडलीस? पानी कुठंय?"

"नाही पाणी. दांडी धरून उतरा. मी पुढे आहे."

सरूबाई उतरली ती निव्वळ हट्टापायी. खालची फरशी खरखरीत होती. दांडीवर तिची बोटं पांढरी पडली. डावा पाय टेकला. तिने डोळे मिटले. उंबरा आठवला.

"नाय व्हनार पोरी. मोडंल तो. कुबड्या आन माज्या."

जयंतीने कुबड्या आणल्या नाहीत. टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. हातही पुढे केला नाही.

"राहू द्या मग," ती म्हणाली. "मी काल बाजारात गेले होते. अंजनाबाईंकडून सुरमई घेतली. छान बसतात हो त्या तुमच्या जागेवर. शोभतात."

सरूबाईने डोळे उघडले.

"काय म्हनलीस?"

"शोभतात म्हटलं. गिऱ्हाईकही म्हणत होतं, आधीच्या बाईपेक्षा या बऱ्या."

"कोन मेला म्हनला? कोन?" सरूबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "बांगडा नि बोंबील कळत नाय त्या अंजनीला! शिळी सुरमई दिली आसंल तुला, कल्ला उघडून बघितलास? माजी सासू तिला पाटीला हात लावू देत नव्हती. वीस वर्सं बसलंय मी तिथं, ऊन खाल्लाय, आन ती शोभते काय? मुडदा बशिवला त्या मुन्शिपाल्टीचा, पानी तोडला नि माजा घास काढला तोंडातला!"

कोळणीचं भांडण एका हाताने होत नाही. दोन्ही हात हवेत गेले होते. बोलता बोलता ती जयंतीच्या पुढ्यात येऊन ठेपली आणि तिच्या नाकासमोर बोट नाचवू लागली.

मग ती थांबली. मागे वळून बघितलं. दांडी पंधरा पावलं मागे राहिली होती.

सरूबाईने खाली पायाकडे पाहिलं. तो तिच्या अंगाखाली नीट उभा होता. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"आन पानी?" तिने बारीक आवाजात विचारलं. "पानी कदी येल आता?"

"या टाकीत नळाचं पाणी येतच नाही, मावशी," जयंती म्हणाली. "मागे विहीर आहे आमची, भर वैशाखातही काठोकाठ. रोज चार बोटं मीच सोडून देत होते."