सगळीकडे बदला

मोठ्या पडद्यावर फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत त्याचं नाव झळकलं. सर्व हक्क राखीव, पुढे वर्ष, आणि लेखक म्हणून तो. तो खुर्चीत जरा ऐसपैस बसला.

शेजारी त्याची धाकटी बहीण लॅपटॉपला चार्जर लावत होती. पडद्याकडे बघून तिचा हात थांबला. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठीचा हा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिने लिहिला होता. तो लॅबवाल्यांचे उंबरे झिजवायचा, तेवढंच. आज सकाळी, ती आवरत होती तेव्हा, त्याने 'शोधा'मध्ये तिचं नाव टाकलं, 'बदला'मध्ये स्वतःचं, आणि 'सगळीकडे'वर बोट दाबलं. विकत घेणारी कंपनी बडी आहे, थोरल्याचं नाव असलेलं बरं, शेवटी घरातच राहतंय, अशी मनाची समजूतही घातली. तिला सांगायचं मात्र राहून गेलं. राहून कसलं गेलं, त्याने ते टाळलं.

"या ओळीत ज्याचं नाव, करारात तोच लेखक," कंपनीच्या तपासनीस बाई म्हणाल्या. "पुढची सगळी कामं आम्ही त्यालाच देतो. म्हणून मी अख्खी फाइल वाचते हं. खोडच आहे मला."

बहिणीने चार्जर लावला.

बाई वाचत वाचत खाली गेल्या. कोडच्या अधेमधे, ज्या ओळी मशीन वाचत नाही, तिथे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी टिपा ठेवल्या होत्या.

"'आज ताप आहे, उरलेलं उद्या.' उतरला का मग ताप?" बाईंनी हसत विचारलं.

"हो हो, लगेच," तो म्हणाला. त्याचे कान गरम झाले. ती आजारी होती हेच त्याला आत्ता कळत होतं.

"आणि हे ऐका. 'दादाने गिऱ्हाइकाला उद्याचा शब्द दिलाय. गेली आजची झोप.'" बाईंना आता मजा वाटू लागली होती. "'हे बटण दादाला दाखवू नये, सगळं पुसून टाकेल.'"

मशीनने सांगितलेलं काम चोख केलं होतं, तिचं नाव कुठेही शिल्लक ठेवलं नव्हतं. पण बहिणीने आपल्या भावाला कधी नावाने लिहिलंच नव्हतं. तो ठिकठिकाणी दादाच होता, आणि आत काय लिहिलंय ते बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाईंनी आणखी एक टीप वाचली. "'दादा आज फार दमून आला. ही चूक त्याच्या कानावर घालायची नाही, गुपचूप निस्तरायची.'" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "फार जीव दिसतो तुमचा या माणसावर. हा दादा कोण?"

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. मीच तो, हे सगळं हिचं आहे, एवढं म्हटलं की सुटलो. त्याने घसा खाकरला.

"होता एक आमच्याकडे," बहीण म्हणाली. आवाज अगदी साधा, चहा हवा का विचारावं तसा. "आता नाही."

"अरेरे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी करार त्याच्यापुढे सरकवला आणि 'लेखक' लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं. "इथे."

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिने नजर वळवली नाही.

त्याने सही केली.