टीव्हीमागची परात

आबांच्या खोलीत पलंग ठेवला की टीव्ही मावत नव्हता, आणि टीव्ही ठेवला की आबा. तिथे नवे स्पीकर ठेवणार कुठे आणि त्यांना पैसे आणणार कुठून? त्यामुळे मालिकेतली माणसं वर्षभर आबांसमोर नुसतेच ओठ हलवत होती. आज तर नायक अखेर मनातलं बोलणार होता. आबांना चहासुद्धा गोड लागेना.

सूनबाईने टीव्हीमागे डोकावून निदान केलं, "आबा, याचे स्पीकर पाठीला आहेत. हा तुमच्याशी नाही, भिंतीशी बोलतोय." तिने कणकेची परात धुऊन टीव्हीमागे तिरकी उभी केली. आवाज परातीवर आपटला आणि थेट आबांच्या कानात शिरला. नायकाने घसा खाकरला, तेसुद्धा ऐकू आलं!

तेवढ्यात दार वाजलं. दारात भिंतीपलीकडच्या काकू, अगदी रडकुंडीला आलेल्या. "भाऊजी, काय केलंत हो? वर्षभर भिंतीला कान लावून ऐकतेय मी. नेमका आजच आवाज गेला!"

आबांना परात काढवेना आणि काकूंना परत पाठववेना. "वहिनी, आत या. आता नुसतं ऐकू नका, बघासुद्धा," म्हणत त्यांनी पलंगावर सरकून जागा केली.

काकू टेकल्या. "यातला आपला नायक कुठला?"

आबांनी बोट दाखवलं.

"हा?" काकूंचा चेहरा पडला. "भिंतीपलीकडून केवढा देखणा होता हो!"

मग त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि लाजत म्हणाल्या, "हं, बोल रे राजा."