सव्विसावी पेटी

एकोणीस नंबरची पेटी पुन्हा पडद्यावरून गेली. पाठोपाठ वीस, एकवीस करत थेट पंचविसापर्यंत सगळ्या गेल्या, आणि क्षितिजने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. तिसरा दिवस होता. गुम्मिडिपूंडीतल्या त्या रबराच्या कारखान्यात पंचवीस प्रेस, प्रत्येक प्रेसवर तापमान मोजणारी एक पेटी आणि सगळ्या पेट्यांना ओवत गेलेली एकच केबल. एवढंसं काम. पुण्यात त्याने हेच डोळे झाकून केलं असतं.

आता आणखी करायचं तरी काय? केबलच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर लागतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो आणि मागून येणाऱ्यांत घोळ घालतो. पहिल्या आणि पंचविसाव्या पेटीतले रेझिस्टर त्याने चारदा मोजले होते. लांब केबलमध्ये शेवटाकडे वीज कमी पडते, म्हणून तेराव्या पेटीपाशी दुसरा पॉवर सप्लाय जोडून मध्येच वीज भरली होती. तरी तास-दीड तास झाला की शेपटाकडच्या पेट्या मान टाकायच्या. दोन महिने कारखान्याच्या तक्रारी त्याने फोनवरच टोलवल्या होत्या. आता टोलवायला जागा उरली नव्हती.

त्यात तुळजाजी. कारखान्याचे जुने इलेक्ट्रिशियन, तंजावूरकडचे मराठी. क्षितिज पहिल्यांदा आला तेव्हा "आमचे मराठी सार आले" म्हणून घरून भरलेला डबा घेऊन आले होते. या सोमवारी काम सुरू व्हायच्या आत ते म्हणाले, "सार, पेट्या सव्वीस आहेत."

"नकाशात पंचवीस आहेत," क्षितिज म्हणाला.

मंगळवारी त्यांनी पुन्हा तेच काढलं, तेव्हा क्षितिज अख्ख्या शेडसमोर त्यांच्यावर ओरडला. त्यानंतर तुळजाजी गप्प झाले. शिडी धरायची, वायर हातात द्यायची, बाजूला उभं राहायचं.

त्यांचं ते गप्प राहणंही क्षितिजच्या डोक्यात जायला लागलं. प्रत्येक पेटीच्या झाकणावर दसऱ्याच्या आयुधपूजेला लावलेला चंदनाचा वाळका ठिपका होता, वर कुंकू. त्याला तेवढं निमित्त पुरलं. पूजेच्या नावाखाली या म्हाताऱ्याने पेट्या ओल्या फडक्याने पुसल्या असणार, आत पाणी गेलं असणार. आज सकाळीच त्याने मॅनेजर कृष्णस्वामींना अहवाल लिहून दिला होता. तुळजाजी सूचना पाळत नाहीत, न विचारता यंत्रणेत हात घालतात, बिघाडाला तेच जबाबदार. कृष्णस्वामींनी तो वाचून टायपिस्टला बोलावलं. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला चार महिने राहिलेले, आणि संध्याकाळी माणूस कायमचा घरी जाणार होता. हे तुळजाजींनाही कळलं होतं. तरी दुपारी ते शिडी घेऊन हजर होतेच.

"कुठल्या पेटीत पाणी घातलंत ते तरी दाखवा," क्षितिज वैतागून म्हणाला.

"पाणी नाही, सार. बोटभर चंदन, झाकणावर, वरून. तेव्हा होत्या त्या अस्की पेट्यांना मीच लावलों. या, दाखवतों."

दोघं एकेका पेटीपाशी जात निघाले. प्रत्येकीवर ठिपका होता. पंचविसाव्या पेटीशी क्षितिज थांबला. तुळजाजी थांबले नाहीत. पेटीच्या मागून एक करडी वायर भिंतीतल्या पाइपात शिरत होती. झाकण चारदा उघडूनही क्षितिजने मागे वाकून पाहिलं नव्हतं. तुळजाजी वळसा घालून पलीकडच्या स्टोअरमध्ये गेले, माळ्याला शिडी लावली आणि जुन्या पट्ट्यांची बंडलं सरकवली.

मागे एक पेटी होती. हिरवा दिवा लुकलुकत होता. झाकण कोरं, ना चंदन ना कुंकू.

"ही पूजा झाल्यावर आली, सार. म्हणून हिला लावलों नाही."

क्षितिजला आठवलं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात नोंदी घ्यायला ही पेटी त्यानेच जोडली होती, आठ दिवसांपुरती. मग कोइंबतूरचं काम निघालं आणि तो साफ विसरला. केबलचं टोक पंचविसाव्या पेटीत नव्हतंच. ते साठ मीटर पुढे, या माळ्यावर होतं. इथे रेझिस्टर नव्हता, आणि शेपटाला आधीच अपुरी पडणारी वीज हीच पेटी खात होती.

"आता काढूं, सार?" तुळजाजींनी विचारलं.

त्याने मान हलवली. तुळजाजींनी वायर सोडवली आणि पेटी खाली त्याच्या हातात दिली. झाकणाच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. क्षितिजने तो वाचला. स्वतःचंच अक्षर. तुळजाजी पाठमोरे होऊन शिडी मिटत होते. त्याने कागद उपटून खिशात टाकला.

पंचविसाव्या पेटीमागूनही ती करडी वायर सोडवल्यावर पंचवीसच्या पंचवीस पेट्या पडद्यावर परतल्या आणि दोन तास हलल्या नाहीत. क्षितिज पडद्यासमोर बसून राहिला. लूज कनेक्शन होतं म्हणाला असता तर कोणी काही विचारलं नसतं. मग तो उठला आणि केबिनमध्ये गेला. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. दाराशी तुळजाजी उभे होते, बोलावल्यामुळे आलेले.

"माझा अहवाल परत द्या, सर," क्षितिज म्हणाला. "तो खोटा आहे." आणि त्याने खिशातला कागद पुढे ठेवला.

कृष्णस्वामींनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्या कारखान्यात देवनागरी वाचणारा एकच माणूस होता, आणि तो दाराशी उभा होता.

"काय लिहिलंय यात?" ते इंग्रजीत म्हणाले. "वाचा."

क्षितिजने आधी जसंच्या तसं मराठीतच वाचलं.

"तुळजाजी, मी स्वतः सांगेपर्यंत या पेटीला हात लावायचा नाही. क्षितिज."